सुतार पक्ष्यासाठी चरबी: साताऱ्याच्या हवेत कोणती निवडावी, कशी ठेवावी

सुतार पक्ष्यासाठी मी पहिल्यांदा चरबी ठेवली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. परसातल्या आंब्याच्या बुंध्याला तारेची जाळी अडकवली, मटणाच्या दुकानातून आणलेली चरबी तीत कोंबली आणि कॅमेरा घेऊन खिडकीत बसलो. दुपारी दोनच्या सुमाराला जाळीतून तेल ठिबकायला लागलं. चार वाजता बुंध्यावर वीतभर रुंद ओघळ, खाली गल्लीतली दोन कुत्री आणि वर कावळ्यांची सभा. सुतार शेजारच्यांच्या नारळावर टकटक करत होता, त्याने इकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वास इतका सुटला की आईने राखेने बुंधा घासून घेतला, माझ्याकडूनच.

मी पाहिलेले व्हिडिओ अमेरिकेतले होते. तिकडे हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, किडे मिळत नाहीत, आणि लहान पक्ष्याला रात्र काढायला भरपूर उष्मांक लागतात. एका ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी असतात, धान्यातल्या पिष्टापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणून तिथे डाउनी, हेअरी हे सुतार चरबीच्या वडीवर तुटून पडतात. आपल्याकडच्या सुताराला बारा महिने मुंग्या आणि अळ्या मिळतात. चरबी ही त्याची गरज नाही, चैन आहे. ती देताना निदान त्याला अपाय होऊ नये, एवढी जबाबदारी आपली. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

आधी पाहुणा ओळखा

निदान आठवडाभर, सकाळी सात ते नऊ, परसातल्या झाडांकडे नुसतं बघत बसा. सातारा-सांगलीच्या वस्तीत बहुधा दोनच सुतार दिसतात. एक सोनपाठी सुतार, साळुंकीपेक्षा मोठा. पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लाल तुरा, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. नराचा सगळा माथा लाल, मादीचा पुढचा भाग काळा आणि त्यावर पांढरी टिकली-टिकली. उडताना खिदळल्यासारखा ओरडतो आणि वरखाली झोके घेत जातो. दुसरा मराठा सुतार. हा लहान, जेमतेम १७-१८ सेंटीमीटरचा. पाठ काळपट तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली, कपाळ पिवळसर, पोटावर लाल डाग. याच्या शास्त्रीय नावातसुद्धा ‘महरात्तेन्सिस’ आहे. आपल्या नावाचा पक्षी आपल्या बाभळीवर बसतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, याची मला पहिल्यांदा जरा लाजच वाटली.

घोटाळा दोन पक्ष्यांचा होतो. डोक्यावर पंखा उघडून गवतात चोच खुपसत चालतो तो हुदहुद. गावाकडे सर्रास त्यालाच सुतार म्हणतात, पण त्याचा चरबीशी संबंध नाही. दुसरा तांबट. उन्हाळ्यात टुक-टुक-टुक असा घण घालतो, वाळक्या फांदीला भोकही पाडतो, पण तो मुख्यतः वड-पिंपळाच्या फळांवर जगतो. तुमच्या परसात हे दोघेच असतील तर चरबीच्या फंदात पडू नका. चिकू किंवा पेरू झाडावरच पिकू द्या, तांबट खूश.

कोयना-चांदोलीच्या अंगाला, घाटमाथ्यावरच्या गावात घर असेल तर आणखी जाती दिसतील. पण तिथे जंगलच दाराशी आहे, चरबी टांगण्याची मुळात गरज नाही. शिवाय रात्री ती कोण खाऊन जाईल याचा नेम नाही.

मोसम

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. बस्स. या दिवसांत साताऱ्यात पहाट गार असते आणि दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत जातो. फेब्रुवारीपासून आपल्याकडच्या सुतारांच्या विणीला सुरुवात होते. पिल्लांना मऊ अळ्या आणि मुंग्यांची अंडी लागतात. आयती चरबी दिसली तर आईबाप तीच चोचीत धरून न्यायचे. त्यातच ऊन वाढलं की चरबी मऊ पडते आणि पिसांना माखते. तुपकट पिसं एकमेकांना चिकटतात, त्यांची ऊब जाते, पाणी झटकण्याची ताकद जाते. अंड्यांवर बसणाऱ्या पक्ष्याच्या पोटाची चरबी अंड्याच्या कवचाला लागली तर आतल्या जिवाचा श्वासही कोंडू शकतो. पावसाळ्यात वेगळंच दुखणं: दोन दिवसांत बुरशी.

चरबी निवडणं

बकऱ्याच्या अंगावर चरबी अनेक जागी असते आणि ती सगळी सारखी नसते. कातडीखालची मऊ, बोटाने दाबली की लगेच दबते. आतड्यांभोवतीची जाळीसारखी, तिला वासही असतो. आपल्याला हवी ती गुर्द्याभोवतीची. पांढरी, कोरडी, हातात घेतली तर चुरा होईल अशी ठिसूळ. इंग्रजीत सूएट म्हणतात ते खरं म्हणजे एवढ्याच चरबीला. ती कडक का? तिच्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं आणि ती साधारण ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळते. साताऱ्याच्या डिसेंबरात सावलीत ती घट्ट राहते ती या आकड्याच्या जोरावर. माझी पहिली चरबी ओघळली कारण ती कातडीखालची होती आणि वर मार्चचं ऊन होतं.

दुकानात नुसतं ‘चरबी द्या’ म्हणालात तर समोर पडलेली सगळी मिसळ मिळते. ‘गुर्द्याभोवतीची, निवडून’ असं सांगा. रविवारी जाऊ नका, गर्दीत कोणी निवडत बसत नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी गेलं की खाटीक निवांत असतो. आजची आहे का ते विचारा, वास घ्या. ताज्या चरबीला जवळजवळ वास नसतो. पिवळी झालेली, कडेने सुकलेली, खवट वासाची असेल तर फुकट दिली तरी नको. जमलं तर तिथेच खिमा करून घ्या, पुढचं काम निम्मं होतं.

बकऱ्याची की मेंढीची? मिळाली तर मेंढीची. ती आणखी कडक असते. आपल्या भागात माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा धनगरांचा मुलूख, आणि जत तालुक्यातली माडग्याळी मेंढी तर प्रसिद्धच. त्या बाजूच्या बाजारात मेंढीचं मटण सहज मिळतं. पुण्याकडे त्याला बोल्हाईचं मटण म्हणतात. सातारा शहरात मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. परदेशी पाककृतींमध्ये गाय-बैलाची चरबी सांगितलेली असते. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा आणि त्यातली २०१५ ची दुरुस्ती यांमुळे तो प्रश्नच निकाली निघतो. डुकराची चरबी मऊ, आपल्या हवेत तिचा उपयोग नाही.

काय चालत नाही, तेही इथेच सांगतो. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंशांत वितळतं, म्हणजे दुपारच्या झळीला त्याचा भरवसा नाही. खोबरेल तेल तर २४ अंशांवरच पातळ होतं. पहाटे दगड आणि अकराला पाणी. भजी तळून उरलेलं तेल, मटणाच्या रश्श्यावरचा तवंग, शिळ्या चपातीला तूप लावून, हे काहीही नको. तळलेल्या तेलात जळकट घटक असतात, रश्श्यात मीठ. मीठ पक्ष्यांना झेपत नाही.

ऑनलाइन तयार वड्याही मिळतात. घ्यायच्याच असतील तर मागची यादी वाचा. पहिला घटक चरबी, मग शेंगदाणे, मका, वाळवलेल्या अळ्या असं असेल तर ठीक. अर्धी वडी धान्याची असेल तर ती चिमण्या आणि कबुतरांसाठी, सुतार दाणे टिपायला येत नाही. ‘उन्हात न वितळणारी’ असं ज्यावर लिहिलेलं असतं तीत बहुतेक वेळा पीठ जास्त असतं. त्यात वाईट काही नाही, पण त्या पिठासाठी आपण चरबीचे पैसे मोजतो. रंग, वास, साखर घातलेली वडी तर सोडूनच द्या. घरी केलेली याहून बरी आणि कितीतरी स्वस्त.

कढवणं

कच्ची चरबी तशीच टांगली तर? पहाटेच्या गारव्यात एखादा दिवस निघतो. पण तिच्यात पातळ पापुद्रे, रक्ताचे धागे, मांसाचे कण आणि पाणी असतं, आणि नासतं ते हेच. म्हणून कढवायची, आणि दोनदा कढवायची.

अर्धा किलो घ्या. पापुद्रे ओढून काढा, बारीक तुकडे करा किंवा खिमा असेल तर तसाच. जाड बुडाचं पातेलं, गॅस अगदी मंद. पाऊण तास ते तास लागतो. धूर दिसता कामा नये. धूर म्हणजे चरबी जळायला लागली. अधूनमधून ढवळा. चोथा तांबूस होऊन तळाशी बसला की गॅस बंद. दहा मिनिटांनी दुहेरी सुती फडक्यातून गाळा. गरम चरबीत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, आणि चुकून पेट घेतलाच तर पाणी मारू नका. गॅस बंद करून वर घट्ट झाकण. मुलं त्या वेळी बाहेर खेळू देत.

गाळलेली चरबी थंड होऊन पांढरी थिजली की पातेल्यातून वडी पालथी काढा. तळाला करडा-तपकिरी थर दिसेल, तो सुरीने खरवडून टाका. उरलेली पुन्हा मंद आचेवर वितळवा, पुन्हा गाळा, पुन्हा थिजवा. दुसऱ्या वेळेनंतरची चरबी जास्त पांढरी, जास्त कडक आणि जवळजवळ बिनवासाची असते. अर्ध्या किलोतून मला साधारण साडेतीनशे ग्रॅम मिळते. परीक्षा सोपी: दुपारी दोन वाजता वाटीभर चरबी सावलीत ठेवा, तासाने बोटाने दाबा. मेणबत्तीसारखी लागली पाहिजे. लोण्यासारखी लागली तर ती बाहेर टांगायची नाही. भांडी धुताना आधी कागदाने पुसा, चरबी मोरीत ओतली तर आठवड्यात मोरी तुंबते. हे मी अनुभवाने सांगतोय.

आता घरच्या राजकारणाबद्दल. आमच्या आईचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, आणि मार्गशीर्ष नेमका या मोसमात पडतो. तिच्या कट्ट्यावर चरबी कढवण्याचा विषयच नव्हता. तह असा झाला: कढवणं परसातल्या जुन्या स्टोव्हवर, मार्गशीर्ष लागायच्या आत. पातेलं वेगळं, फडकं वेगळं, आणि फ्रीजमध्ये ठेवायची नाही. मग मी वड्या कागदात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर ठेवतो. दोनदा कढवलेली चरबी थंडीत अशी महिनाभर सहज टिकते. उघडताना वास घ्यायचा, खवट वाटली तर टाकायची.

मिश्रण

नुसती चरबी चालते, पण शेंगदाण्याने पक्षी लवकर सरावतो असं मला दिसलं. मापं वाटीने: एक वाटी वितळलेली चरबी, एक वाटी भाजून सोललेल्या बिनमिठाच्या शेंगदाण्याची भरड, पाऊण वाटी मक्याचं किंवा ज्वारीचं पीठ. शेंगदाणे निवडूनच घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे काढून टाका. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन असतं, ते पक्ष्याच्या यकृताला मारक. भरड खलबत्त्यात करा, मिक्सरमध्ये कूट होऊन जातं. चरबी कोमट असताना सगळं कालवा. मीठ, गूळ, साखर, बिस्किटाचा चुरा नको.

आमच्याकडे खारींचा सुळसुळाट आहे. त्यावर युक्ती आहे: चमचाभर लवंगी मिरचीची पूड. तिखटाची झोंब खारीला लागते, पक्ष्याला लागत नाही. पोपट हिरव्या मिरच्या आवडीने खातो ते यामुळेच. मिश्रण भरताना मात्र हातमोजे घाला आणि डोळ्याला हात लावू नका. एका खारीने माझ्यासमोर एक घास घेतला, तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली. म्हणजे उपाय शंभर टक्के नाही.

ज्यांच्या घरात चरबी आणणंच शक्य नाही त्यांच्यासाठी: भाजलेले शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटा आणि त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ मळून लाडूसारखा गोळा करा. चिकट राहता कामा नये. हा चरबीइतका टिकत नाही, एका दिवसापुरताच करा. पण मराठा सुतार त्यावर आलेला मी पाहिला आहे.

ओंडका

जाळी विसरा. जाळीवर कावळा बसतो, साळुंकी बसते, तीन मिनिटांत सगळं फस्त. सुताराला हवा सालीसकट ओंडका. आंबा किंवा बाभळीचा, मनगटापेक्षा जाड, दीड-दोन फूट लांब. साल खरबरीत हवी, कीटकनाशक किंवा रंग लागलेलं लाकूड नको. सुतारकाम करणाऱ्याकडून गिरमिटाने इंचभर रुंद आणि दीड इंच खोल अशी चार-पाच भोकं पाडून घ्या. सगळ्यात खालचं भोक ओंडक्याच्या तळापासून वीतभर वर असू द्या. सुतार बुंध्याला चिकटतो तो पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे ठेवून आणि ताठ शेपटीचा टेकू देऊन. शेपटी टेकायला जागा नसली तर तो अस्वस्थ असतो. बसायला काठी-दांडी लावू नका, ती लावलीत तर साळुंक्यांना आमंत्रण. मिश्रण भोकात अंगठ्याने दाबून भरा, बाहेर ओघळ ठेवू नका.

जागा

बुंध्याची उत्तर बाजू, दिवसभर सावली. जमिनीपासून सात-आठ फूट, मांजराची उडी पोहोचणार नाही इतकं. पत्र्याच्या छताखाली कधीही नाही, पत्रा तापला की खालची हवा भट्टी होते. ओंडका टांगू नका, तो झुलतो. काथ्याच्या दोरीने बुंध्याला दोन ठिकाणी घट्ट बांधा, खिळा ठोकू नका. शेवगा असेल तर उत्तम. शेवग्याचं लाकूड मऊ, आत किडे भरपूर, सुताराची तिथे रोजची फेरी असते. सुतार ज्या वाटेने बुंध्यावर चढत जातो तीच वाट तो पुन्हा धरतो, पहिल्या आठवड्याच्या निरीक्षणाचा इथे उपयोग होतो.

मुंग्या येतील. येऊ द्या, सोनपाठी सुताराचं ते मुख्य अन्न. खडू, पावडर, औषध काहीही मारू नका. विष मुंगीतून सुताराच्या पोटात जातं.

रोजचं काम

रोज संध्याकाळी वास घ्या, खवट वाटलं तर लगेच काढा. चार दिवसांहून जास्त भरलेलं ठेवू नका, न खाल्लेलंसुद्धा. भोकं कोरून काढा, उकळतं पाणी ओतून ओंडका उन्हात कडकडीत वाळवा, मग पुन्हा भरा. दोन ओंडके असले की सोयीचं पडतं. दुपारी पारा ३० च्या वर जाणार असं दिसलं तर त्या दिवशी सकाळी नऊलाच ओंडका उतरवा. खाली पडलेले कण उचला, नाहीतर रात्री उंदीर. एका वेळी चार भोकांत मिळून लिंबाएवढं मिश्रण पुरे.

आणि धीर धरा. माझ्याकडे पहिला पक्षी १९ व्या दिवशी आला. तोवर दयाळाने चोच मारून पाहिली होती, कोतवाल एकदा येऊन गेला होता. आजूबाजूला कोणाच्या झाडात सुताराचं बीळ असेल तर तिथे शिडी लावून फोटो काढायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी, त्याची अंडी आणि घरटं यांना संरक्षण आहे, आणि घाबरलेली जोडी बीळ सोडूनही जाते.

वाळकी फांदी

एवढं सगळं करायला वेळ नसेल तर एकच करा. आंब्याची किंवा शेवग्याची वाळलेली जाड फांदी, माणसांच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर, तोडू नका. पाडावीच लागली तर तिचा पाच-सहा फुटी तुकडा जिवंत बुंध्याला उभा बांधून ठेवा. त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या होतात, मुंगळे घर करतात, आणि सुतार बारा महिने येतो. हे खाद्य वितळत नाही, खवटत नाही, आणि आईच्या गुरुवारांनाही आड येत नाही.

गेल्या वर्षी ३१ जानेवारीला मी दोन्ही ओंडके उतरवले, धुतले, वाळवले आणि माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनपाठीची मादी आली, ओंडका होता त्या जागी दोनदा चोच मारली, दोरीचा वळ राहिला होता तोही तपासला, आणि सरकत सरकत शेजारच्या शेवग्याच्या वाळक्या खुंटावर जाऊन कामाला लागली.